भोकांची होडी

"भोक पाडतास? होडयेक भोक पाडतास?"

आयेनं हातातलं सूप घरापुढच्या खळ्यातच टाकलं आणि ओचा सावरत धावत आली. आमचे हे उकिडवे बसलेले, हातात ड्रिल मशीन, पुढ्यात ती उन्हानं विटलेली पिवळी कयाक पालथी घातलेली. ड्रिलचं टोक तिच्या पोटाला टेकलं होतं. सासूचा आवाज ऐकताच ह्यांनी बटण सोडलं आणि माझ्याकडे बघितलं. म्हणजे आता तूच काय ते निस्तर.

"मामी, यंत्र खाली पाण्यात सोडूचा तर मदी भोक व्हयाच," ते म्हणाले.

"यंत्र गेला खड्ड्यात! माझ्या बापाशीचो अख्खो जल्म होडयांची भोकां बुजवण्यात गेलो, नि तुमी माझ्याच खळ्यात बसान भोकां पाडतास? नि ह्या काय?" ती वाकली, कयाकच्या पोटावरून हात फिरवला. "अगो बाय माझ्या! ही आदीच चाळण असा!"

"ती बारकी भोकां कंपनीनच ठेयलेली असत, मामी. पाणी जावक."

"भोकातसून पाणी जाता काय येता?"

ह्यांनी मग तिला समजावलं. ही कयाक म्हणजे चारी बाजूंनी बंद डबा. माणूस बसतो तो डब्याच्या आत नाही, वर, जरा खोलगट केलेल्या जागेत. ती भोकं म्हणजे त्या खोलगट जागेपासून तळापर्यंत आरपार गेलेल्या नळ्या. लाट अंगावर आली की पाणी नळ्यांतून खाली निघून जातं आणि डबा तरंगतच राहतो. सगळं बरोबर सांगितलं, पण सांगणारे कोण? कुडाळकडचे, सायकल दुरुस्तीच्या दुकानातले. समुद्र त्यांना भेटला तो शाळेच्या सहलीत. ह्यांना पोहताही येत नव्हतं.

"कंपनीक काय जाता? कंपनी काय आमच्या खाडयेत बुडाक येतली?" आये म्हणाली आणि सूप उचलायला गेली. ह्यांनी माझ्याकडे बघत बटण दाबलं.

पडवीत बाबा बसले होते. एवढा आरडाओरडा झाला, पण त्यांनी मान वळवली नाही.

माझे बाबा म्हणजे जना तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या; कुठं जाळं टाकायचं, कधी परत फिरायचं हे तोच ठरवणार. बाबांच्या नुसत्या शिटीवर खाडीतल्या होड्या फिरायच्या. एका मोसमात ट्रॉलरवर गेले असताना जाळ्याचा दोर रहाटावर गुंडाळला जात होता, त्यात त्यांचा उजवा हात ओढला गेला. कोपरापासून खाली काहीच राहिलं नाही. इस्पितळातून आणलं तेव्हा आयेनं देवापुढं नारळ फोडला. "हात गेलो, माणूस ऱ्हवलो," असं ती येईल त्याला सांगायची. पण माणूस तरी कुठं राहिला होता? एका हातानं वल्हं मारता येत नाही, जाळं ओढता येत नाही. एकदा शेजारचा वामन खोबरेकर त्यांना आपल्या होडीतून घेऊन गेला. चार माणसं काम करतायत आणि बाबा मध्ये पाहुण्यासारखे बसून. परत आले ते पुन्हा किनाऱ्यावर गेले नाहीत. पडवीत खुर्ची टाकली तीही खाडीकडे पाठ करून. जेवण अर्धं झालं, बोलणं बंद झालं, अंगावरचं मांस उतरत गेलं. माझ्या डोळ्यांदेखत माणूस वाळत होता आणि आये म्हणत होती, "बरे असत. घरात असत मां."

अपघातानंतर मी नि हे इथंच राहायला आलो होतो, मला ते बघवेना. एकदा मी नि हे कोल्हापूरला लग्नाला गेलो होतो, तिथल्या बागेतल्या तळ्यात लोक बदकाच्या आकाराच्या होडीत बसून पायांनी पायडल मारत फिरत होते. हात मांडीवर, भेळ खातायत, आणि होडी आपली चाललीय. मी ह्यांचं मनगट असं धरलं की ते कळवळले.

"अवो, बाबांचे पाय तर धडधाकट असत!"

त्या दिवसापासून मी ह्यांच्या मागे हात धुऊन लागले. एका रिसॉर्टवाल्यानं पर्यटकांची जुनी कयाक काढून टाकली होती, ती आम्ही टेम्पोत घालून आणली. ह्यांनी सायकलचे क्रॅंक नि पायडल बसवले, चेन बसवली, चेनीनं फिरणारे गिअर आणि गिअरखाली एक उभा पाइप, जो मधल्या भोकातून खाली पाण्यात जाणार. पाइपाच्या टोकाला पंखा. पायडल मारलं की पंखा फिरणार, होडी पुढं जाणार. डाव्या हाताला सुकाणूची दांडी. भोकाच्या कडा त्यांनी पाण्याच्या काळ्या टाक्या सांधतात तशा प्लास्टिक वितळवून सांधल्या, पाइपाभोवती रबर ठोकून फट बंद केली. आणि ज्याचा त्यांना फार अभिमान, ती फ्रीव्हील. सायकलचं पायडल थांबवलं तरी मागचं चाक टकटक करत फिरत राहतं ना, ती.

"मामांनी पाय थांबवले तरी पंखो फिरत ऱ्हवतलो. तेवढोच तेंका दम खावक गावतलो," ते मला पंख्याला बोटानं झटका देऊन दाखवायचे. पंखा गरगर फिरायचा, टकटक टकटक. मला ते बघून ह्यांचा लाड करावासा वाटायचा.

बाबा मात्र हूं की चूं करत नव्हते. फक्त एका संध्याकाळी मी बघितलं, घरात कुणी नाही असं समजून ते कयाकपाशी उकिडवे बसले होते आणि डाव्या हातानं पायडल हळूहळू फिरवत होते. मी पाय न वाजवता मागच्या मागे गेले. त्या रात्री त्यांनी पूर्ण भाकरी खाल्ली.

चाचणी आधी ह्यांनी स्वतः घेतली, घरामागं गुडघाभर पाण्यात. मी एक बाजू धरलेली, आये माडाला टेकून हाताची घडी घालून उभी. हे बसले. हे अंगानं जरा भरलेले. बसताक्षणी त्या बारक्या भोकांतून पाणी बुडबुडत वर आलं आणि ह्यांची विजार बसल्या जागी भिजली.

"इला! पाणी आत इला!" आये किंचाळली.

"मामी, तेवढा येताच. वर चढत नाय. बघा, थांबला," हे हसत म्हणाले आणि पायडल मारलं. कयाक अशी सरकली की माझ्या हातातून सुटलीच. मी टाळ्या वाजवल्या. हे गोल फेरा मारून आले, तोंडभर हसू, विजार ओली. आये तोवर घरात निघून गेली होती. मी म्हटलं, जाऊ दे, रुसली असेल.

मग बाबांचा दिवस ठरला. दिवाळी होऊन गेली होती, समुद्र निवळला होता, सकाळची ओहोटी अर्ध्यावर आली होती. अख्खी वाडी किनाऱ्यावर. आमच्या वाडीला काय, कुणाचा बोकड हरवला तरी जत्रा भरते! वामन खोबरेकर आपली होडी सोडून बघायला आलेला, मिशीतल्या मिशीत हसत होता. "जना, घंटी लावलंस मां सायकलीक?" बाबांनी त्याच्याकडे बघितलं आणि कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडून शिवी बाहेर पडली. सगळे खो खो हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

चार जणांनी कयाक उचलून पाण्यात नेली. बाबा बसले. पाय पायडलवर ठेवले. अनवाणी ओले पाय घसरतील म्हणून ह्यांनी जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी ते पायडलला बांधले. आयेनं कयाकच्या नाकाला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. तिचा चेहरा त्या दिवशी का कोण जाणे, निवांत होता. महिनाभर कटकट केलेली बाई आणि ओठ मिटून चक्क हसत होती. मला वाटलं, नवऱ्याची शिवी ऐकून बरं वाटलं असेल.

"कोरडा असा," बाबा म्हणाले. बसल्या जागी हात फिरवून परत म्हणाले, "जावयबापू, तुमी म्हणा होतात पाणी येतला. थेंब नाय."

"तुमचा वजन कमी मां, मामा!" हे म्हणाले आणि खूश होऊन माझ्याकडे वळले. "बघितलंस? एकदम कोरडी."

बाबांनी पायडल मारलं.

काय सांगू. तिथं बसला होता तो माणूस कुणी वेगळाच होता हो! पाठ ताठ, डावा हात सुकाणूवर, थोटका उजवा हात मोकळा. पुढं एक गळ लावलेली काठी खोचून दिली होती. कयाक सुसाट निघाली आणि बाबांनी शिटी घातली, ती जुनी तांडेलाची शिटी. वाडीतली म्हातारी माणसंसुद्धा ओरडायला लागली. मी नाचत होते. लाज बिज काही नाही, नेसती साडी भिजवत पाण्यात नाचत होते.

ठरलं होतं की त्यांनी खाडीच्या शांत अंगालाच फिरायचं. पण तांडेलाला सांगणार कोण? ते मुखाकडे वळले, जिथं खाडी समुद्राला मिळते. तिथं पाण्याखाली वाळूची पट्टी आहे आणि ओहोटीला तिच्यावर लाटा फुटतात. फार मोठ्या नाहीत. वल्ह्याच्या होड्या रोज त्यातून जातात.

"जाऊ देत," वामन म्हणाला, "तेका लाटो शिकवशात काय तुमी?"

पहिली लाट त्यांच्या मांडीवर फुटली. बाबांनी हात वर करून दाखवला. दुसरी लाट आली. आणि मला दिसलं की कयाक वर आली नाही. म्हणजे आली, पण जड, म्हशीसारखी सुस्त. तिच्या खोलगट जागेत पाणी भरलेलं होतं आणि ते या काठावरून त्या काठावर हेंदकाळत होतं.

"पाणी जावक व्हया," हे माझ्या शेजारी पुटपुटले. "पाणी जाईत. का नाय जाणा?"

तिसऱ्या लाटेला कयाक एका अंगावर कलली. आतलं सगळं पाणी त्याच बाजूला धावलं. बाबांनी तोल सावरायला उजवा हात टाकला, आणि तो हात नव्हताच. कयाक उलटली.

पिवळं पोट वर आलं. त्याच्यावर पाइप आणि पाइपाच्या टोकाला पंखा, उन्हात गरगर फिरणारा. बाबा कुठंच नाहीत.

मग कुणीतरी ओरडलं, "पंखो फिरता हा! पायडल मारता हा तो! जितो असा!"

"फिरता हा, फिरता हा!" सगळे ओरडायला लागले. माझाही जीव भांड्यात पडला. पाण्याखाली उलटे, पाय बांधलेले, तरी बाबा पायडल मारतायत, म्हणजे जिवंत आहेत. मी ह्यांचा हात धरला. तो थंडगार होता. त्यांच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"फ्रीव्हील असा ती," ते म्हणाले. "विजू, ती आपसून फिरता."

कळलं सगळं, पण डोक्यात शिरेना. पंखा फिरत होता. हळूहळू होत होता. हे धावत पाण्यात घुसले, पोहता येत नाही हे विसरून, आणि छातीपर्यंत जाऊन कोलमडले. त्यांना मागं ओढायला दोघं गेले. वामन आपल्या होडीकडे पळाला. तीन तरुण पोहत निघाले, पण ओहोटीची ओढ अशी की कयाकच्या दिशेनं उडी टाकलेले बाजूनं वाहून भलतीकडेच गेले. मी पंख्याकडे बघत उभी होते.

पंखा थांबला.

आणि तेव्हा मला आये दिसली. ती केव्हाच निघाली असावी; पोहत नव्हती, चालत होती. समोरून नाही, खूप डावीकडून, वळसा घालून, कमरेपर्यंत पाण्यात. ती जन्मभर ओहोटीला त्या वाळूच्या पट्टीवर मुळे, म्हणजे वाळूतले शिंपले, काढायला जायची. पाण्याखालची पायवाट तिला पाठ होती. लाट आली की पाठ करायची, लाट गेली की चार पावलं पुढं. छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. पोचली आणि पाण्याखाली गेली. मग वर आली ती बाबांचा थोटका हात काखेत दाबून. दुसरा हात त्यांच्या हनुवटीखाली. पाय अजून बांधलेलेच, अंग कमरेत मुडपलेलं, पण त्यांचं तोंड पाण्याच्या वर आलं होतं. लाट आली की आयेचं डोकं बुडायचं. बाबांचं नाही. अपघात झाल्यापासून त्या थोटक्या हाताला तिनं कधी बोट लावलं नव्हतं. तेल लावायलासुद्धा मला बोलवायची.

वामनची होडी पोचली. कोयत्यानं त्यानं पट्ट्या कापल्या.

बाबांना वाळूवर पालथं घातलं, पाठीवर थापट्या मारल्या, आणि त्यांच्या नाकातोंडातून खारं पाणी बाहेर पडलं. खोकले, ओकले, परत खोकले. मग रडल्यासारखा एक श्वास घेतला. किनाऱ्यावर बायका मोठ्यानं रडायला लागल्या. आये त्यांच्या उशाशी फतकल मारून बसली होती, केस सुटलेले, दात वाजत होते.

वामननं सरळ ह्यांची गचांडी धरली. "सायकलवाल्या! सासऱ्याक जिवंत मारी होतंस! तुका म्हायत काय होडी म्हंजे? आवशीचो घोव यंत्र करता!"

ह्यांची मान खाली. मारलं असतं तरी मारून घेतलं असतं. मी मध्ये घुसले आणि वामनच्या छातीवर दोन्ही हातांनी धक्का मारला. "हात लावून बघ तेंका! शिरा पडो तुझ्या तोंडार! तूच म्हणालंस मां, जाऊ देत म्हणान?"

तोवर पोरांनी कयाक पाण्यातच सुलटी करून ओढून आणली, पाइपाला वाळूत खळगा करून ठेवली. आणि आमचे हे, ज्यांची गचांडी अजून वामनच्या मुठीत होती, ते तिच्याकडे बघतच राहिले. वाळूवर ठेवलेल्या कयाकच्या खोलगट जागेत पाणी तसंच होतं. डबक्यासारखं. हललं नाही, उतरलं नाही.

"पाणी जाणा नाय," ते म्हणाले. वामनचा हात त्यांनी बाजूला केला, गुडघ्यावर बसले, पाण्यात हात घालून भोकात बोट घातलं. मग दुसऱ्या भोकात. मग म्हणाले, "पालथी करा."

पालथी केली. तळाची सगळी भोकं बुजवलेली होती. लाकडाची तासलेली बुचं, त्यांच्याभोवती राळेत नि तेलात भिजवून पीळ घातलेला कापूस, ठोकून ठोकून इतकी घट्ट बसवलेली की वरून हात फिरवला तर कळू नये. सुबक काम. चाचणीनंतर कयाक खळ्यात दोन ओंडक्यांवर सुलटीच असायची; वरून कुणी बघितलं असतं तर नळ्यांत अंधारच दिसला असता.

कुणाचं काम ते विचारायलाही नको होतं. लाकडी होड्या जाऊन फायबरच्या आल्यापासून असा कापूस वळायला वाडीत कुणाला येत नव्हतं. एक बाई सोडून. तिच्या बापानं तिला लहानपणी शिकवलं होतं.

सगळ्यांच्या माना हळूहळू तिकडे वळल्या. मी वळवली नाही. मला बघायचंच नव्हतं.

आये उठून आली. बुचांकडे बघितलं. डबक्यातलं पाणी वाळूत सांडलं होतं, त्याच्याकडे बघितलं. मग ह्यांच्याकडे. "पाणी... जावक होती?" असं तिनं विचारलं. अगदी हळू, शाळेतल्या मुलीनं विचारावं तसं. ह्यांनी मान हलवली. मी तिचा चेहरा बघितला. माणूस मेल्याचं कळल्यावर असा चेहरा होतो, आणि इथं तर माणूस जिवंत होता.

"मी सांगितलंय," मागून आवाज आला.

बाबा डाव्या कोपरावर रेलून उठले होते. ओठ निळे, आवाज घोगरा. "बुचां मी मारूक सांगितलंय. माका भिजाक नको होता. तिका कायएक म्हायत नाय. जावयाची चूक नाय, तिची नाय. माझी."

वाडी ऐकत होती. मला कळत होतं की हे धादांत खोटं आहे. मघाशी स्वतःच जागा चाचपून नवल करणारा माणूस हा. ह्यांनाही कळत होतं. वामनलाही कळलं असावं, कारण तो खाली बघायला लागला. सगळ्यांनी ते खोटं मुकाट्यानं घेतलं असतं. वाडी तेवढी समजूतदार आहे. घरी गेलो असतो, पेज केली असती, कयाक पुन्हा कधी कुणी बघितली नसती, आणि बाबा खाडीकडे पाठ करून खुर्चीत बसले असते, मरेपर्यंत.

"खोटा," आये म्हणाली.

"इंदू, गप—"

"खोटा बोलतत ते!" ती सगळ्या वाडीकडे वळून ओरडली. "मी मारलंय बुचां. ह्या माझ्या हातांनी. दुपारची सगळी निजल्यार. पाणी आत येताना मी बघितलंय, माका ऱ्हवाक नाय. कोणाक विचारूक नाय, सांगूक नाय. मीच बुडयलंय तेंका!"

मी तिला धरायला गेले. तिनं मला झिडकारलं. वाकून तिनं एक दगड उचलला, काळा, मुठीएवढा, आणि मला वाटलं, आता ही कपाळ फोडून घेते की काय! ती कयाकपाशी गेली. चार जणांना म्हणाली, "आडवी धरा." कुणी हलेना, तेव्हा तिनं वामनला नावानं हाक मारली, तसा तो आला. कयाक आडवी धरली. तिनं वरच्या अंगानं नळीत एक जाड काठी घातली आणि दगडानं ठोकायला लागली. पहिलं बूच उडालं. दुसरं निघेना, तेव्हा शिव्या देत ठोकलं. स्वतःलाच देत होती, की बुचाला, की त्या कंपनीला, कोण जाणे. हाताची साल निघाली. शेवटचं बूच वाळूत पडल्यावर तिनं प्रत्येक भोकात बोट आरपार घालून बघितलं.

मग दगड टाकला आणि बाबांसमोर येऊन उभी राहिली.

"उठा."

"आये, वेड लागला काय तुका?" मी म्हटलं.

"तू गप ऱ्हव." तिची नजर बाबांवरून हलली नाही. "उठा, म्हणतंय. आज घराक गेलास तर परत येवचास नाय. माका म्हायत असा. तुमका म्हायत असा. बसा होडयेत."

बाबा तिच्याकडे बघत होते. मी जन्मात त्यांना घाबरलेलं बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. ते नाही म्हणणार असं मला वाटलं आणि, खरं सांगते, म्हणावं असंच वाटत होतं.

त्यांनी डावा हात वर केला. तिनं तो धरला आणि त्यांना उभं केलं.

अख्ख्या वाडीनं आ वासला होता. कयाक ह्यांनी आणि वामननं मिळून पाण्यात नेली. काही क्षणांपूर्वी एकाची गचांडी दुसऱ्याच्या हातात होती. बाबा बसले आणि भोकांतून पाणी बुडबुडत वर आलं, त्यांच्या कमरेखाली साचलं. आयेनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. पण पाणी तिथंच थांबलं. एक लाटोळी आली, वर चढली, आणि सर्र करून नळ्यांतून खाली गेली.

"पाय बांधू नकात," ती ह्यांच्यावर खेकसली. बाबांना म्हणाली, "आतल्या अंगाक जावा. तोंडाकडे वळलास तर माझ्याशी गाठ असा."

बाबांचे पाय पायडलवर ठरत नव्हते. एकदा घसरले, दोनदा घसरले. मग पंखा फिरला. कयाक निघाली, मघासारखी सुसाट नाही, चाचपडत, आतल्या शांत पाण्याकडे. कुणी ओरडलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, शिटीही नाही. आये कमरेभर पाण्यात तशीच उभी. मी तिच्याजवळ गेले, तिच्या खांद्यावर कोरडं लुगडं टाकलं, ते तिनं पाण्यात पडू दिलं. तिची नखं माझ्या दंडात रुतली होती आणि मी हात काढून घेतला नाही.

बाबा दूरच्या माडांपाशी गेले. थांबले. बराच वेळ थांबले. मग हळूहळू वळले आणि आमच्याकडे तोंड करून येऊ लागले. जवळ आले तेव्हा दिसलं, डोळे लाल झालेले आणि तोंडावर ते नेहमीचं तांडेलाचं, कुणाची पर्वा नसलेलं काहीतरी परत आलेलं.

आयेनं माझा दंड सोडला. कयाकचं नाक दोन्ही हातांनी धरलं. रडत होती, दात वाजत होते, शब्द धड निघत नव्हते. त्यातूनही तिनं वाकून आत नजर टाकली, गळाची काठी चाचपली आणि बाबांवर ओरडली,

"रिकामेच इलास?"